मोठी वस्तू, पण कोणत्या बाजूने मोठी?

नळकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक कोडं समोर येतं. दुकानाबाहेर चार इंची पीव्हीसी पाइपच्या वीस-वीस फुटी लांब्या रचून ठेवलेल्या असतात आणि आत काउंटरमागच्या खोक्यांत त्याच पाइपचे एल्बो, टी, कपलर. प्लॅस्टिक एकाच जातीचं, रंगही एकच. तरी वजन करून भाव काढला, तर एल्बोतलं किलोभर प्लॅस्टिक पाइपमधल्या किलोभर प्लॅस्टिकपेक्षा महाग पडतं. वस्तू लहान आणि भाव चढा.

कोड्याचा दुसरा भाग पाणीपुरवठा योजनेच्या चरात दिसतो. तिथे मीटरभर व्यासाचे काळे एचडीपीई पाइप जोडायचं काम चालू असतं. सरळ पाइप अखंड आणि गुळगुळीत. पण लाइन जिथे वळते तिथे एल्बो नसतो. पाइपचेच तिरके तुकडे कापून, त्यांची तोंडं तापवून, एकमेकांवर दाबून कोन साधलेला असतो. प्रत्येक सांध्यावर वितळून बाहेर आलेल्या प्लॅस्टिकची जाड कड उठलेली दिसते. मीटरभर व्यासाचा सरळ पाइप कारखान्यातून सलग बाहेर पडतो, मग तेवढ्याच व्यासाचं वळण तुकडे जोडून का करावं लागतं?

पाइप होतो एक्स्ट्रुजनने आणि एल्बो इंजेक्शन मोल्डिंगने. दोन्हींत प्लॅस्टिक वितळवतात आणि दाबाने पुढे ढकलतात. तिथून पुढे मात्र वाटा फुटतात, आणि वस्तू जसजशी मोठी होत जाते तसतसं त्या दोन वाटांमधलं अंतर वाढत जातं. म्हणून मोठी प्लॅस्टिकची वस्तू करायची म्हटल्यावर जाणकार कारखानदार 'केवढी मोठी' हे नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, कोणत्या बाजूने मोठी?

सोऱ्या आणि साचा

चकली पाडताना सोऱ्यात पीठ भरतात, खाली चांदणीच्या भोकाची चकती बसवतात आणि वरून दाब देतात. भोकाचा आकार पिठाला मिळतो आणि पीठ संपेपर्यंत त्याच आकाराची पट्टी बाहेर येत राहते. चकती बदलली की शेव. पट्टी किती लांब हवी हे सोऱ्या ठरवत नाही, पाडणाराच ठरवतो. हे एक्स्ट्रुजन. मोदकाच्या साच्याचं तसं नाही. दोन फाका मिटायच्या, आत पीठ दाबून भरायचं, फाका उघडायच्या आणि तयार मोदक काढायचा. साचा केवढा, मोदक तेवढा. पण कळ्या, टोक, खालचा सपाट तळ असा सगळ्या बाजूंनी घडलेला आकार एका दमात मिळतो. हे इंजेक्शन मोल्डिंग.

एक्स्ट्रुजनच्या चकतीला कारखान्यात डाय म्हणतात. डायमधून निघालेल्या वस्तूचा आडवा छेद कुठेही घ्या, तो सारखाच असतो. पाइप, पन्हळ, यूपीव्हीसी खिडकीची चौकट, न्हाणीघराच्या दाराचे पोकळ पट्टे, जळगावच्या एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटयांची नळी, ही सगळी डायची अपत्यं. खुर्ची, क्रेट, बादली, मोटारीचा बंपर यांचा छेद जागोजाग बदलतो, म्हणून त्यांना साचाच लागतो.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये शिशाच्या नळ्या अशा दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा प्लॅस्टिकचा जन्मही झाला नव्हता. साच्यात प्लॅस्टिक दाबून भरायचं पहिलं पेटंट अमेरिकेत जॉन आणि आयझाया हायट या भावांनी १८७२ मध्ये मिळवलं. त्यांचं यंत्र दट्ट्याने चालायचं. जेम्स हेंड्री यांनी १९४६ मध्ये त्यात दट्ट्याऐवजी फिरता स्क्रू बसवला आणि तेव्हापासून दोन्ही यंत्रांचं पोट जवळपास सारखं झालं.

त्या पोटात काय चालतं ते पाहू. वर हॉपर, म्हणजे प्लॅस्टिकचे दाणे ओतायचं नसराळं. खाली जाड पोलादाचा बॅरल आणि त्यात फिरणारा लांब स्क्रू. स्क्रूच्या पन्हळी मागे खोल असतात आणि पुढे उथळ होत जातात. त्यामुळे दाणे पुढे सरकताना दाबले जातात, एकमेकांवर आणि बॅरलच्या भिंतीवर घासतात. बॅरलभोवती हीटर असतात हे खरं, पण चालू यंत्रात वितळायला लागणारी बरीचशी उष्णता या घासण्यातूनच मिळते. पुढच्या टोकाला पोचेपर्यंत दाण्यांचा दाट, चिकट रस झालेला असतो. एचडीपीईचा रस साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पीव्हीसी त्याहून थोडं कमी तापवतात, कारण जास्त तापलं किंवा बॅरलमध्ये एका जागी रेंगाळलं तर ते करपतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. म्हणूनच पीव्हीसीच्या एल्बोचे साचे न गंजणाऱ्या पोलादाचे करावे लागतात.

पाइप पोकळ कसा निघतो?

भोकातून रस दाबला तर भरीव दांडा निघायला हवा. पाइप पोकळ हवा असेल तर भोकाच्या मधोमध एक गाभा पाहिजे. तो गाभा अधांतरी कसा राहील? पीव्हीसीच्या डायमध्ये तो तीन-चार बारीक पायांवर उभा असतो. या पायांच्या रचनेला स्पायडर म्हणतात. रस पायांपाशी फाटतो, पुढे जाऊन पुन्हा एकमेकांना मिळतो. तो नीट मिळाला नाही तर पाइपच्या अंगावर लांबीभर अशक्त रेषा राहतात आणि दाब आला की पाइप नेमका तिथेच उभा फाटतो. चांगल्या डायची अर्धी किंमत ही फाटलेली धार पुन्हा एकजीव करण्यासाठी मोजलेली असते, असं म्हटलं तरी चालेल.

डायमधून बाहेर आलेला पाइप अजून लोण्यासारखा मऊ असतो. तो लगेच एका धातूच्या कड्यात शिरतो. हे कडं पाण्याच्या टाकीत असतं आणि टाकीतली हवा खेचून पोकळी केलेली असते. पाइपच्या आत बाहेरची साधी हवा, बाहेरून पोकळी, त्यामुळे मऊ पाइप फुगून कड्याला घट्ट चिकटतो आणि त्याच मापात थिजतो. पाइपचा बाहेरचा व्यास अचूक मिळतो तो असा. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप म्हणजे बाहेरून ११० मिलिमीटर. आतलं माप भिंतीच्या जाडीप्रमाणे कमीजास्त होतं.

आणि जाडी ठरते ओढण्याच्या वेगावर. टाकीच्या पुढे रबरी पट्ट्यांचं एक यंत्र पाइपला दोन्हीकडून धरून एकसारखं ओढत असतं. त्याला हॉल-ऑफ म्हणतात. रस तेवढाच येत असताना ओढ वाढवली की भिंत पातळ होते, कमी केली की जाड. लाइन सुरू करताना ऑपरेटर एका जुन्या पाइपचा तुकडा उलट्या बाजूने टाक्यांमधून डायपर्यंत आणतो, गरम पाइपचं तोंड त्याला चिकटवतो आणि हॉल-ऑफ हळूच चालू करतो. सुरुवातीचे काही मीटर वाकडेतिकडे, एका बाजूला जाड निघतात, ते पुन्हा दळायला जातात. मग तो कापलेल्या तोंडाची जाडी चारी बाजूंनी मोजतो आणि डायचे बोल्ट थोडे थोडे फिरवत राहतो. सगळीकडून जाडी सारखी आली की लाइन दिवसचे दिवस बंद होत नाही.

पाइप ६ मीटरवर कापतात तो ट्रकच्या सोयीसाठी. यंत्राला लांबीची मर्यादा नाही. नॉर्वेत स्टाथेले इथे एक कारखाना समुद्राच्या काठावर आहे. तिथे अडीच मीटर व्यासाचे एचडीपीई पाइप ५०० मीटरपेक्षा जास्त लांबीत अखंड काढतात, थेट पाण्यात सोडतात आणि बोटीने ओढत दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यापर्यंत नेतात. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे आणि पाइपची तोंडं बंद केल्यामुळे तो तरंगतो. रस्त्याने नेता आला नसता एवढा भाग समुद्रामुळे नेता येतो. लांबीच्या बाजूने मोठं व्हायला एक्स्ट्रुजनला अडचण नाही, असं म्हणतात ते या अर्थाने.

साचा मिटून धरण्याचं बळ

आता साच्याकडे वळू. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये स्क्रू आधी फिरून पुढच्या टोकाला रस साठवतो आणि मग स्वतःच दट्ट्या होऊन पुढे झेपावतो. काही सेकंदांत सगळा रस साच्यात शिरतो. साच्यातली फट दोन-चार मिलिमीटरची, त्याच्या भिंती गार, आणि रस दाट. तो टोकापर्यंत पोचायच्या आत थिजला तर अर्धवट वस्तू निघते. कारखान्यात तिला शॉर्ट म्हणतात. म्हणून दाब प्रचंड द्यावा लागतो. यंत्राच्या तोंडाशी तो हजार-दीड हजार वातावरणांच्या घरात जातो. वाटेत कमी होत होत साच्याच्या पोकळीत तो सरासरी ३०० वातावरणांच्या आसपास उरला असं धरू, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलोचा रेटा.

हा रेटा साच्याचे दोन अर्धे एकमेकांपासून उघडू पाहतो. ते केसभर जरी उघडले तरी रस फटीत शिरतो आणि वस्तूच्या कडेला पातळ पापुद्रा येतो. त्याला फ्लॅश म्हणतात. म्हणून साचा तेवढ्याच उलट बळाने मिटून धरावा लागतो. किती बळाने, याचा हिशेब सरळ आहे. साचा ज्या दिशेने उघडतो त्या दिशेने पाहिलं तर वस्तूची जेवढी सावली पडेल, तेवढं क्षेत्रफळ गुणिले दाब.

एक मीटर बाय एक मीटरचा सपाट भाग घ्या. सावली १०,००० चौरस सेंटिमीटर. गुणिले ३०० किलो, म्हणजे ३० लाख किलो. ३,००० टन! म्हणून इंजेक्शन यंत्राची ओळखच टनांवर असते. बादलीला काहीशे टनांचं यंत्र पुरतं, अखंड प्लॅस्टिकच्या खुर्चीला हजार टनांच्या आसपासचं लागतं, मोटारीचा बंपर दोन-तीन हजार टनांच्या यंत्रावर निघतो. चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यांत अशी यंत्रं आहेत, पण ती कुठल्याही गाळ्यात मावणारी नव्हेत.

यातली खरी अडचण लक्षात घ्या. वस्तूची लांबी आणि रुंदी दुप्पट केली की सावली चौपट होते, म्हणजे यंत्रही चौपट ताकदीचं लागतं. एक्स्ट्रुजनमध्ये लांबी दुप्पट करायची तर कटर दुप्पट वेळाने चालवायचा, बस्स. तिथे डायसमोर बाकी सगळं मोकळं असतं, दाब अडवून धरायला काही नसतं. सावलीचा प्रश्नच येत नाही.

चरातल्या तुकडेजोड वळणाचं उत्तर इथे सापडतं. मीटरभर व्यासाच्या एल्बोची सावली काढून पाहा. एका भुजेपासून दुसरीपर्यंत दीड-दोन मीटर सहज भरतील. त्यासाठी लागणारं यंत्र आणि साचा यांवरचा खर्च, वर्षाला लागणाऱ्या मोजक्या वळणांतून वसूल होणं शक्य नाही. शिवाय एल्बो आतून पोकळ असतो, त्यामुळे साच्यात दोन बाजूंनी दोन गाभे घालावे लागतात. ते सरळच बाहेर काढता येतात, म्हणून घरातल्या छोट्या एल्बोत बोट घातलं तर आतला कोपरा बऱ्याचदा टोकदार लागतो. दोन गाभे जिथे भेटले, ती ती जागा.

थंड होण्याचा हिशेब

मोठ्या वस्तूंच्या बाबतीत लोक दाबाचा विचार करतात, पण थंड होण्याचा विसरतात. मला तर या दोन पद्धतींमधला सगळ्यात मूलभूत फरक इथेच दिसतो.

प्लॅस्टिक उष्णतेचा वाईट वाहक आहे. भिंतीच्या मध्यातली उष्णता पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो आणि तो वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. २ मिलिमीटरची भिंत समजा ८ सेकंदांत थिजली, तर ४ मिलिमीटरची ३२ सेकंद घेईल आणि ८ मिलिमीटरची दोन मिनिटांच्या वर. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये हा सगळा वेळ साचा मिटलेला असतो आणि कोट्यवधीचं यंत्र वाट पाहत उभं असतं. म्हणून साच्याच्या वस्तू कधी जाड करत नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची उलटी करून पाहा. बैठकीच्या खाली आणि पायांच्या आत उभ्या पट्ट्या दिसतील. त्यांना रिब म्हणतात. मजबुती जाडीतून न घेता या पट्ट्यांतून आणि पायांच्या कोनासारख्या वळणातून घेतलेली असते. फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी १९७२ मध्ये बाजारात आणलेली अखंड खुर्ची गाजली, कारण ती दोन मिनिटांच्या आत साच्यातून बाहेर पडायची. वेळ वाचला म्हणून ती स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणून आज आपल्याकडच्या प्रत्येक मांडवात आहे.

आता मीटरभर व्यासाचा पाण्याचा पाइप घ्या. उच्च दाबासाठी केलेल्या पाइपमध्ये व्यासाचा अकरावा हिस्सा भिंतीला देतात, म्हणजे सुमारे ९१ मिलिमीटर. मीटरभर लांबीचं वजन २५० किलोच्या आसपास. एक्स्ट्रुडर तासाला १,००० किलो रस देत असेल तर तासात फक्त ४ मीटर पाइप निघेल. पुढे गार पाण्याच्या फवाऱ्यांच्या टाक्या ४० मीटर लांब मांडल्या असतील तर पाइपचा प्रत्येक भाग त्यातून जायला १० तास घेईल. इतका वेळ साच्याचं यंत्र अडवून ठेवणं कुणालाच परवडणार नाही. पण एक्स्ट्रुडर अडत नाही. मागचा पाइप थंड होत असताना पुढचा निघतच असतो. जाडीची किंमत इंजेक्शनमध्ये वेळेत मोजावी लागते, एक्स्ट्रुजनमध्ये ती शेडच्या लांबीत मोजता येते.

थंड होताना प्लॅस्टिक आकसतंही. पॉलिप्रॉपिलीन साधारण दीड टक्का आकसतं. दहा सेंटिमीटरच्या झाकणात हा दीड मिलिमीटर, तो साचा तेवढा मोठा कापून निभतो. मीटरभर लांबीच्या भागात तो १५ मिलिमीटर होतो, आणि भाग सगळीकडून सारखा आकसला नाही तर ताटासारखा वाकतो. म्हणून मोठ्या साच्यात रस एकाच तोंडाने न भरता पाच-सहा तोंडांनी भरतात, पाण्याचे मार्ग भिंतीलगत फिरवतात. दोन तोंडांनी आलेले प्रवाह जिथे मिळतात तिथे पुन्हा सांध्याची रेषा आलीच. ती ताणाच्या जागी येऊ नये, याची काळजी साचा कापायच्या आधी घ्यावी लागते, नंतर इलाज नसतो.

दाणा एकच नसतो

'एचडीपीई' एवढं लिहिलेली पिशवी दोन्ही यंत्रांना चालेल असं समजू नका. चकलीचं पीठ सैल झालं की पट्टी काटे धरत नाही, पसरते. पाइपच्या रसाचंही तसंच. डायमधून बाहेर पडल्यावर कड्यात शिरेपर्यंत त्याने स्वतःचा आकार स्वतः सांभाळायचा असतो, म्हणून तो घट्ट लागतो. साच्यात मात्र बारीक फटींतून धावायचं असतं, तिथे सैल रसच हवा.

हा घट्टपणा मोजायची सोपी रीत आहे. ठरावीक तापमानाला, ठरावीक वजनाखाली, दोन मिलिमीटरच्या भोकातून १० मिनिटांत किती ग्रॅम रस निघतो ते पाहायचं. या आकड्याला मेल्ट फ्लो इंडेक्स किंवा नुसतं एमएफआय म्हणतात. पाइपच्या एचडीपीईचा आकडा ५ किलो वजनाखालीसुद्धा एक ग्रॅमच्या आत राहतो. क्रेट-बादल्यांच्या एचडीपीईचा २.१६ किलो वजनाखाली ४ ते २० पर्यंत असतो. कारण रेणूंच्या साखळ्यांची लांबी. लांब साखळ्या एकमेकांत गुंततात, हळू वाहतात, पण थिजल्यावर वर्षानुवर्षं ताण सोसतात. आखूड साखळ्या पटकन वाहतात आणि तेवढा ताण सोसत नाहीत. पद्धत निवडली की कच्चा मालही निवडला जातो, आणि त्याबरोबर वस्तूचं आयुष्यही.

साच्याचे पैसे

मोठ्या साच्याचं वजन टनांत असतं. पोलादाचे ठोकळे कोरून, घासून, चकचकीत करून, त्यात पाण्याच्या वाटा आणि वस्तू बाहेर ढकलायच्या पिना बसवून तो तयार व्हायला महिने लागतात. समजा एका साच्याला ४० लाख रुपये पडले. त्यातून एक लाख वस्तू काढल्या तर प्रत्येकीवर साच्याचा भार ४० रुपये. एक हजारच काढल्या तर ४,००० रुपये! नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांचे ढीग लागतात. तिथे वस्तू लाखांनी खपते, म्हणून साचा परवडतो. वर्षाला दोनशे नग विकणाऱ्या उद्योजकाने मोठा साचा करणं मला धाडस वाटत नाही, चूक वाटते.

डाय त्या मानाने स्वस्त असते, कारण तिला फक्त छेदाचा आकार घडवायचा असतो. पण कडं, टाक्या, हॉल-ऑफ, कटर असा सगळा पसारा मागे येतोच. आणि लाइन सुरू करताना-थांबवताना माल वाया जातो, त्यामुळे दर दोन तासांनी माप बदलायचं असेल तर एक्स्ट्रुजनची स्वस्ताई उरत नाही.

चौकट : हातात घेऊन ओळखा

वस्तूच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा, दोन्ही टोकं कापलेली, छेद सगळीकडे सारखा आणि कदाचित लांबीभर छापलेली अक्षरं, तर ती एक्स्ट्रुजनची. एखाद्या जागी कापलेल्या देठासारखा छोटा गोल उंचवटा, कडेने फिरणारी पुसट रेघ आणि आतल्या बाजूला पिनांचे गोल ठसे, तर ती साच्याची. देठाची जागा म्हणजे गेट, रस शिरला ते तोंड. रेघ म्हणजे साच्याचे दोन अर्धे मिटले ती जागा. पोकळ पिंपाच्या बुडाला चिमटल्यासारखी सरळ शिवण दिसली तर मात्र ती या दोन्हींपेक्षा वेगळी, फुगवून केलेली वस्तू.

मधल्या वाटा

गच्चीवरची हजार लिटरची टाकी या दोन्हींत बसत नाही. ती सगळ्या बाजूंनी मोठी आणि आतून पोकळ. साच्याने करायची तर गाभा बाहेर काढणार कुठून? तिच्यासाठी पातळ पत्र्याच्या साच्यात प्लॅस्टिकची पावडर टाकतात आणि साचा भट्टीत दोन आसांवर फिरवतात. पावडर वितळून भिंतीवर थर धरते. दाब नाही, म्हणून साचा स्वस्त. पण एका टाकीला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. याला रोटोमोल्डिंग म्हणतात.

दोनशे लिटरचं निळं पिंप एक्स्ट्रुजनचंच पुढचं पाऊल आहे. आधी डायमधून जाड गरम नळी खाली लोंबती सोडतात, साच्याचे अर्धे तिच्याभोवती मिटतात आणि आत हवा भरतात. नळी फुगून साच्याला चिकटते. हवेचा दाब रसाच्या दाबापुढे काहीच नसल्यामुळे साचा मिटून धरायला खूप कमी बळ पुरतं. फ्रिजच्या आतली पांढरी खोळही अशीच. आधी एक्स्ट्रुजनने पत्रा काढायचा, मग तो तापवून साच्यावर हवा खेचून बसवायचा.

आणखी एक वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, ती म्हणजे वस्तूच फोडणं. कोकणातल्या घराच्या पागोळ्यांखाली बसवायची पीव्हीसी पन्हळ घ्या. तीन मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद. अखंड साच्यात करायची तर सावली ४,५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १,३५० टनांचं यंत्र. आणि तरीही ती तीन मीटरचीच राहणार, बारा मीटरच्या घराला चार तुकडे आणि सांध्यांतून गळती. म्हणून पन्हळ एक्स्ट्रुजनने काढतात, हवी तेवढी लांब. तिचं टोक बंद करणारी टोपी, कोपरा, पाणी खाली सोडणारं तोंड आणि भिंतीवरचे हुक मात्र साच्यातून येतात. त्यांना दोनशे टनांच्या आतलं यंत्र पुरतं. जो आकार लांबीच्या बाजूने मोठा तो डायला द्यायचा, जो सगळीकडून वेडावाकडा पण लहान तो साच्याला द्यायचा. यूपीव्हीसी खिडकीत तर साचाही लागत नाही. पट्टे ४५ अंशांत कापून तापलेल्या तव्यावर टेकवतात आणि कोपरे दाबून जोडतात.

या विभागणीचं सगळ्यात सुंदर रूप शेतात पसरलेलं आहे. इनलाइन ठिबकची नळी एक्स्ट्रुजनने निघते, शेकडो मीटरच्या गुंडाळ्यांत. पण पाणी थेंबाथेंबाने सोडणाऱ्या ड्रिपरमध्ये नागमोडी वाट असते, मिलिमीटरच्या आसपास रुंदीची. ती थोडी जरी कमीजास्त झाली तरी एका झाडाला जास्त आणि दुसऱ्याला कमी पाणी मिळेल. एवढी नेमकी वाट साच्यातूनच घडते. मग हे साच्यात घडलेले ड्रिपर एक्स्ट्रुजनच्या डायमधून एकेक करून नळीच्या आत सोडतात. नळी अजून गरम असते, ड्रिपर आतल्या भिंतीला चिकटून एकजीव होतात. पुढे नळी थंड झाली की यंत्र प्रत्येक ड्रिपरच्या जागी अचूक भोक पाडतं. जळगाव परिसरात ठिबकचा उद्योग वाढला त्यामागे या दोन्ही पद्धतींवरची पकड आहे, नुसत्या पाइपावरची नव्हे.

साचा कापायला देण्याआधी

ज्यांना एखादा मोठा भाग करून घ्यायचा आहे, त्यांना माझी विनंती आहे. वस्तूचं चित्र घेऊन थेट साचेवाल्याकडे जाऊ नका. आधी कागदावर तिचे चार-पाच ठिकाणचे आडवे छेद काढा. ते सारखे आले, किंवा थोडं इकडेतिकडे करून सारखे करता आले, तर एक्स्ट्रुजनवाल्याला भेटा. सारखे येत नसतील तर उघडण्याच्या दिशेने सावलीचं क्षेत्रफळ मोजा आणि किती टनांचं यंत्र लागेल ते विचारा. तेवढं यंत्र जवळपास कुणाकडे भाड्याने मिळतं का, याची चौकशी साच्याची ऑर्डर देण्याआधी करा. वर्षाला किती नग खपतील याचा आकडा उमेदीने न लिहिता हातात असलेल्या मागणीवरून लिहा. साच्यात रस कसा भरेल, सांध्याच्या रेषा कुठे येतील, भाग कुठे वाकेल हे संगणकावर आधी पाहता येतं. तो अहवाल मागून घ्या, पोलाद कापल्यावर तो निरुपयोगी आहे. आणि साचा तयार झाल्यावर तो कुणाच्या मालकीचा, कुठे राहील आणि त्याची दुरुस्ती कोण करेल, हे पहिला हप्ता देण्यापूर्वी लेखी घ्या.